परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद : ते आले कोठून आणि कशासाठी



आपला माल बाजार समितीत जातो तेव्हा कागद फार लागत नाहीत. गाडीची बिल्टी, तोलाईची चिठ्ठी आणि शेवटी अडत्याची हिशेबपट्टी, एवढ्यात काम भागतं. पण तोच माल, द्राक्ष म्हणा, आंबा म्हणा, डाळिंब म्हणा, समुद्रापलीकडे जायचा म्हटला की कागदांची चळत उभी राहते. नोंदणी, तपासणीचा दाखला, आरोग्याचा दाखला, जहाजाचा कागद, बँकेचा कागद, कस्टमचा कागद. शेतकरी वैतागून म्हणतो, "माल माझा, घेणारा तयार, मग मधे हे कागद कशाला?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासात सापडतं. यातला एकही कागद कुणी कचेरीत बसून उगीच काढलेला नाही. प्रत्येकामागे कुणाचं तरी मोठं नुकसान आहे. कुणी फसला, कुणाचं जहाज जप्त झालं, कुणाच्या बागा वाळल्या, कुणाचा माल परक्या बंदरात अडकला, आणि त्यानंतर एक नवा कागद जन्माला आला. कोणता कागद कोणत्या नुकसानीतून आला हे कळलं, की तो कुठे चुकू द्यायचा नाही हेही आपोआप कळतं. म्हणून या पत्रकात ती हकिगत थोडक्यात सांगतो.

समुद्रावरचा परवाना

आपल्या कोकण किनाऱ्यावर सक्तीच्या कागदाची ओळख पोर्तुगीजांनी करून दिली. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हुकूम काढला की अरबी समुद्रात फिरणाऱ्या प्रत्येक गलबताने आमचा परवाना बाळगला पाहिजे. या परवान्याला ते 'कर्ताझ' म्हणत. त्यात गलबताचं नाव, नाखव्याचं नाव, कुठून कुठे जाणार आणि काय न्यायला मनाई आहे, हे लिहिलेलं असे. मिरी आणि युद्धसाहित्य यांवर विशेष नजर होती. कर्ताझ नसला, किंवा कागदावर एक आणि गलबतात दुसरं निघालं, तर गलबत मालासकट जप्त होई. मोठमोठ्या बादशहांच्या जहाजांनाही हा कागद घ्यावा लागला.

पुढे मराठ्यांचं आरमार बळकट झालं, तेव्हा आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी आपलं दस्तक घ्यावं असा आग्रह कान्होजी आंग्र्यांनी धरला. कान्होजी १७२९ साली वारले, तोवर इंग्रजांचा आणि त्यांचा जो झगडा चालला त्यात या दस्तकाचा वाद मोठा होता. इंग्रज म्हणत, आम्ही तुमचं दस्तक घेणार नाही. आंग्रे म्हणत, मग आमच्या पाण्यातून जाता कसे?

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. पहिला कागद हा सत्तेचा कागद होता. माल चांगला की वाईट याच्याशी त्याचा संबंध नव्हता. आज निर्यात करणाऱ्याला सरकारकडून आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो आणि कस्टमकडे 'शिपिंग बिल' भरावं लागतं, ते याच घराण्यातले कागद. फरक एवढाच की आता जप्तीच्या तोफेऐवजी नियमाचं पुस्तक आहे.

जहाजाची बिल्टी

दुसरा कागद जुना आहे आणि आपल्याला समजायला सोपा आहे. आपण ट्रकवाल्याच्या हवाली माल करतो तेव्हा तो बिल्टी देतो. जहाजाच्या बिल्टीला 'बिल ऑफ लेडिंग' म्हणतात.

युरोपात भूमध्य समुद्रावर पूर्वी व्यापारी स्वतः मालाबरोबर जहाजात बसून जात. तेव्हा जहाजावर एक लेखनिक असे आणि कोणाचा कोणता माल चढला हे तो वहीत टिपून ठेवी. पुढे व्यापार वाढला. व्यापारी घरी बसून माल पाठवू लागले. मग पलीकडच्या बंदरात माल सोडवणार कोण आणि कशाच्या जोरावर? म्हणून व्यापारी त्या वहीतल्या नोंदीची नक्कल मागू लागला. ती नक्कल त्याने आपल्या माणसाकडे पाठवायची, आणि ती दाखवील त्याला कप्तानाने माल द्यायचा. तीच ही बिल्टी.

पुढे या कागदाला अशी ताकद आली की माल समुद्रात असतानाच कागद विकता येऊ लागला. कागद ज्याच्या हाती, माल त्याचा. इंग्लंडच्या न्यायालयांनी अठराव्या शतकाच्या शेवटी ही रीत मान्य केली. आपल्याकडे त्याचा कायदा १८५६ साली झाला. तो जवळजवळ १७० वर्षं चालला आणि २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला.

या बिल्टीच्या मूळ प्रती बहुधा तीन काढतात. का? शिडाच्या जहाजांच्या काळात टपालही जहाजानेच जाई आणि जहाजं बुडत. म्हणून तीन प्रती करून त्या वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत, म्हणजे एक तरी पोचेल. त्यांपैकी एका प्रतीवर माल सोडवला की बाकीच्या रद्द. शिडं गेली, आगबोटी आल्या, १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला, तरी तीन प्रतींची रीत राहिली.

इथे एक घोटाळा टाळा. शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग ही नावं सारखी वाटतात, पण कागद वेगळे. शिपिंग बिल निर्यातदार कस्टमला देतो आणि माल बाहेर न्यायची परवानगी मागतो. बिल ऑफ लेडिंग जहाज कंपनी निर्यातदाराला देते आणि माल ताब्यात घेतल्याचं कबूल करते. एखादा दलाल नुसतं शिपिंग बिल दाखवून "तुमचा माल बोटीत चढला बघा" म्हणाला, तर तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. तो अर्ज आहे, पोच नव्हे.

पैशाचा कागद आणि व्हॅनिलाच्या शेंगा

आता पैसा. पाठवणाऱ्याला वाटतं, माल दिला आणि पैसे बुडाले तर? घेणाऱ्याला वाटतं, पैसे दिले आणि माल आलाच नाही तर? दोघांमध्ये हजारो मैलांचं अंतर.

आपल्या देशी सावकारीने याच्यावर चांगली तोड काढली होती. तिचं नाव जोखमी हुंडी. जहाजाने माल पाठवणारा त्या मालावर हुंडी लिही आणि तिच्यावर पैसे उचली. माल सुखरूप पोचला तरच हुंडी भरायची. जहाज बुडालं तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडाले. म्हणजे उचल आणि विमा एकाच कागदात. पेढ्यांची पत आणि शब्द यांवर हा व्यवहार चाले.

आजच्या व्यापारात ते काम बँकेचं पतपत्र करतं, ज्याला 'लेटर ऑफ क्रेडिट' म्हणतात. घेणाऱ्याची बँक हमी देते की अमुक अमुक कागद आमच्यापुढे आणा, आम्ही पैसे देऊ. याचे जगभर चालणारे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने १९३३ साली पहिल्यांदा बांधले. सध्या चालू असलेला नियमसंच २००७ पासूनचा आहे. त्यातलं मुख्य तत्त्व शेतकऱ्याने पाठ करून ठेवावं असं आहे. बँक कागद बघते. माल बघत नाही.

याची एक गाजलेली हकिगत आहे, १९२०च्या दशकातली. लंडनच्या एका व्यापारी कंपनीने जावा बेटावरच्या बटाव्हिया शहरातल्या, म्हणजे आजच्या जकार्तातल्या, एका व्यापाऱ्याकडून व्हॅनिलाच्या शेंगा विकत घेतल्या. पतपत्रात अट घातली की माल चांगला असल्याचा 'तज्ज्ञांचा' दाखला पाहिजे. म्हणजे एकाहून अधिक जाणकारांचा. हा निरोप तारेने सांकेतिक भाषेत गेला, आणि त्या भाषेत 'तज्ज्ञ' आणि 'अनेक तज्ज्ञ' यांना एकच शब्द होता. बटाव्हियाच्या बँकेने एकाच तज्ज्ञाच्या दाखल्यावर पैसे देऊन टाकले. पेट्या उघडल्या तेव्हा शेंगा थोड्या, आणि बाकी काटक्या, दगड, जुनं लोखंड.

प्रकरण इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेलं. निकाल असा लागला की सांगितला होता तोच कागद पाहिजे. त्याच्यासारखा, त्याच्या जवळपासचा कागद चालणार नाही. एका दाखल्यावर पैसे देणाऱ्या बँकेला ते घेणाऱ्याकडून वसूल करता आले नाहीत. एकवचन आणि अनेकवचन यांच्या फरकात सगळे पैसे गेले. तेव्हापासून बँकांचे कारकून कागदातला काना-मात्रासुद्धा तपासतात. नावाचं स्पेलिंग, पेट्यांची संख्या, वजन, तारीख यांत फरक दिसला की पैसे अडतात. तो त्यांचा हटवादीपणा वाटतो, पण त्याच्या मागे ते दगड आणि लोखंड आहे.

'सुरत' ही शिवी कशी झाली

आता आपल्या शेताकडे या. पश्चिम आणि मध्य भारताचा कापूस मुंबई बंदरातून विलायतेला जाई. वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून ओळखला जाई आणि हिंगणघाटच्या कापसाला चांगलं नाव होतं. पण लँकेशायरच्या गिरण्यांत मुंबईकडून येणाऱ्या सगळ्याच कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस बंद झाला. गिरण्यांना आपल्या कापसावाचून गत्यंतर राहिलं नाही. भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला. पण गाठी फोडल्यावर आत सरकी, माती, पाला, मधेच दगड, आणि वजन वाढवायला मारलेलं पाणी निघे. आपल्या कापसाचा धागा आखूड, त्यात ही भेसळ. गिरणी कामगार इतके कंटाळले की लँकेशायरात 'सुरत' हा शब्दच कोणत्याही हलक्या, टाकाऊ वस्तूला शिवीसारखा वापरू लागले.

हा रोग नवा नव्हता. कापसातल्या लबाडीविरुद्ध मुंबई सरकारने १८२९ सालीच कायदा केला होता. १८६३ साली त्याहून कडक कायदा करून निरीक्षक नेमले. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचं चिन्ह आणि क्रमांक मारणं भाग पाडलं. त्यामागचा विचार सरळ होता. गाठ लिव्हरपूलला फुटली आणि आत दगड निघाला, तरी ती कोणत्या गावच्या कोणत्या प्रेसमध्ये बांधली हे क्रमांकावरून कळलं पाहिजे.

या गोष्टीत शेतकऱ्याचं काय झालं ते पाहा. पाणी शेतात मारलं, की वाटेत खेडा खरेदी करणाऱ्याने, की जिनमध्ये, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी. पण भाव उतरला तो सगळ्याच कापसाचा. ज्याने स्वच्छ कापूस वेचून दिला त्यालाही 'सुरत' चाच भाव. त्याच्या चांगल्या मालाचा पुरावा त्याच्यापाशी नव्हता, कारण त्याचा कापूस दुसऱ्याच्या कापसात मिसळला की ओळख संपली. युद्ध थांबलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा सुरू झाला, तेव्हा गिऱ्हाईक परत फिरलं आणि भाव कोसळले.

याच अनुभवातून मालाची प्रतवारी करून तिच्यावर शिक्का मारण्याची कल्पना रुजली. १९३७ साली शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा झाला, ज्याचा 'ॲगमार्क' शिक्का आपण तुपाच्या डब्यावर, मसाल्याच्या पुड्यावर बघतो. निर्यातीच्या मालाच्या तपासणीसाठी वेगळा कायदा १९६३ साली आला. आणि शेतमालाच्या निर्यातीसाठी 'अपेडा' ही संस्था १९८५ च्या कायद्याने निघून १९८६ साली सुरू झाली.

एका किडीने काढायला लावलेला दाखला

आंबा-द्राक्ष पाठवणारे ज्याला नुसतं 'फायटो' म्हणतात, तो वनस्पतींच्या आरोग्याचा दाखला. त्याची हकिगत द्राक्षबागायतदारांनी जरूर वाचावी.

साधारण १८६० नंतर फ्रान्सच्या दक्षिण भागात द्राक्षवेली वाळू लागल्या. वरून रोग दिसेना. पानं पिवळी पडत आणि दोन-तीन वर्षांत वेल मरे. १८६८ साली मेलेल्या वेलीऐवजी अजून जिवंत असलेली वेल खणून पाहिली, तेव्हा मुळांवर मावासारखी बारीक पिवळी कीड सापडली. तिचं नाव फायलोक्सेरा. ती अमेरिकेतून आणलेल्या वेलींच्या मुळांबरोबर आली होती. अमेरिकन जातींना तिची सवय होती, युरोपच्या वेलींना नव्हती. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८ कोटी ४५ लाख हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती सुमारे २ कोटी ३४ लाखांवर आली. खेडीच्या खेडी उठली. शेवटी अमेरिकन खुंटावर आपली जात बांधायची हा उपाय निघाला. आज आपल्याकडे डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतात, त्या पद्धतीचं मूळ या संकटात आहे. आपल्याकडे ती मुख्यतः क्षार आणि पाण्याची टंचाई यांसाठी आली, एवढा फरक.

हे नुकसान पाहून युरोपच्या काही देशांनी १८७८ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी बैठक घेऊन करार केला आणि १८८१ साली तो सुधारून पुन्हा केला. त्यात ठरलं की रोपं सरहद्दीपलीकडे जायची तर पाठवणाऱ्याचं लेखी निवेदन आणि त्या देशाच्या अधिकाऱ्याचा दाखला बरोबर पाहिजे. आजचा फायटो हा याच कागदाचा वंशज. आपल्याकडे किडी-रोगांचा कायदा १९१४ साली झाला, आणि १९५१ साली रोमला सगळ्या जगासाठी करार झाला, त्यात दाखल्याचा नमुनाही ठरवून दिला.

हा दाखला काय सांगतो ते नीट समजून घ्या. फळ गोड आहे, मोठं आहे, असं तो सांगत नाही. या मालाबरोबर घेणाऱ्या देशाला नको असलेली कीड जात नाही, आमच्या देशाचं सरकार तसं लिहून देतंय, एवढंच तो सांगतो. म्हणून त्यावर व्यापाऱ्याची सही चालत नाही. सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचीच सही लागते. आणि एका खेपेत कीड सापडली तर बदनामी एका व्यापाऱ्याची होत नाही, देशाची होते. २०१४ साली हेच झालं. भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या खेपांत वारंवार कीड सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा आणि त्याबरोबर कारली, वांगी, पडवळ, अळूची पानं यांना बंदी केली. हापूसचा हंगाम ऐन भरात होता. आपल्याकडची तपासणी सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. तोवर एक हंगाम गेला होता.

वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम

किडीच्या पाठोपाठ औषधांचा प्रश्न आला. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश सापडला आणि माल नाकारला गेला. त्यानंतर अपेडा, पुण्याचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राज्याचा कृषि विभाग यांनी मिळून निर्यातीच्या बागांवर देखरेखीची योजना सुरू केली. बागेची नोंदणी, बागेला क्रमांक, मालाच्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी. २००६ च्या सुमारास हे सगळं संगणकावर आलं, त्याला 'ग्रेपनेट' नाव पडलं. पेटीवरच्या क्रमांकावरून माल कुणाच्या बागेतला हे युरोपात बसून कळू लागलं. कापसाच्या गाठीवरच्या १९२५ च्या क्रमांकाची आठवण झाली का? कल्पना तीच. फक्त क्रमांक प्रेसपाशी न थांबता थेट बांधापर्यंत आला.

पण २०१० साली पुन्हा दणका बसला. वेलीची जादा वाढ आवरायला आपण क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे सी.सी.सी., वापरतो. युरोपात द्राक्षांवर त्याची मर्यादा त्या वेळी किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. हिशेब केला तर वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. आपल्याकडे त्या वेळी तपासायच्या औषधांच्या यादीत हे नावच नव्हतं. प्रयोगशाळेने यादीतली औषधं तपासली, माल उत्तीर्ण झाला, कागद सगळे बरोबर. पलीकडे त्यांनी सी.सी.सी. तपासलं आणि कंटेनर अडकले. निर्यातदारांचे पैसे अडकले आणि त्यांच्यामागे बागायतदारांचे. पुढे ते नाव यादीत आलं.

यात दोष कागदाचा की शेतकऱ्याचा? बागायतदाराने जे सर्रास चालत होतं तेच केलं. पण कागद तेवढंच सांगतो, जेवढं त्याला विचारलेलं असतं. आपण काय वापरलं हे पूर्ण ठाऊक असणारा माणूस साऱ्या साखळीत एकच, तो म्हणजे बागेचा मालक. त्याची फवारणीची वही पूर्ण आणि खरी असेल, तर यादीत नसलेलं नावसुद्धा त्या वहीत सापडतं आणि माल निघण्याआधी विचार करता येतो. वहीत फक्त 'चालणारी' औषधं लिहिली आणि बाकीची गाळली, तर त्या वहीचा उपयोग कुणालाच नाही.

आंबा बरा होता, कागद चुकला

शेवटची हकिगत ताजी आहे. फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांच्या भीतीने अमेरिकेने १९८९ साली आपल्या आंब्याला दार बंद केलं. ते २००७ साली उघडलं, पण अट अशी की आंब्यावर ठरलेल्या मात्रेची किरणप्रक्रिया व्हायला पाहिजे आणि ती अमेरिकेच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाल्याचा कागद बरोबर पाहिजे. पहिली खेप त्या वर्षी आपल्या लासलगावच्या केंद्रातून प्रक्रिया होऊन गेली.

मे २०२५ मध्ये मुंबईकडून विमानाने गेलेल्या आंब्याच्या निदान १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. फळात कीड सापडली म्हणून नव्हे. किरणप्रक्रियेच्या कागदात चूक आहे, असं तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं. निर्यातदार म्हणाले, प्रक्रिया झाली आहे, चूक आमची नाही. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. माल परत आणा, नाहीतर तिथेच नष्ट करा. पिकलेला आंबा परत आणून करणार काय? भाडं फळापेक्षा जास्त. माल नष्ट करावा लागला. वर्षभर राखलेली बाग, मोहोराची काळजी, काढणी, पेट्या, सगळं एका कागदापायी मातीमोल.

मग शेतकऱ्याने काय करावं?

पतपत्र, बिल्टी, शिपिंग बिल हे निर्यातदाराचे कागद. ते शेतकऱ्याने भरायचे नाहीत, पण ते कशासाठी आहेत हे माहीत असलं की बोलणी करताना फसवणूक होत नाही. शेतकऱ्याचे स्वतःचे कागद मोजके आहेत. त्यांबद्दल एवढं ध्यानात ठेवा :

१. निर्यातीसाठी बागेची नोंदणी कृषि विभागाकडे वेळेवर करा. सात-बारावरचं नाव, गट नंबर आणि नोंदणीवरचं नाव यांत फरक ठेवू नका. बापाच्या नावावर जमीन आणि मुलाच्या नावावर नोंदणी असा घोळ असेल तर आधीच विचारून दुरुस्त करा.

२. आपला नोंदणी क्रमांक दुसऱ्याच्या मालाला वापरू देऊ नका, भाऊबंद असला तरी. त्याच्या मालात औषधाचा अंश निघाला तर नाव तुमचं लागेल.

३. फवारणीची वही त्याच दिवशी लिहा. तारीख, औषधाचं नाव, त्यातला घटक, प्रमाण, कशासाठी मारलं आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते. दुकानदाराची पावती वहीत चिकटवून ठेवा. 'टॉनिक' म्हणून दिलेली बाटलीसुद्धा लिहा. तिच्यात काय आहे हे लेबलावर नसेल, तर निर्यातीच्या बागेत ती वापरूच नका.

४. नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस येईल तेव्हा स्वतः हजर राहा. नमुना तुमच्याच बागेतून घेतला जातो का ते बघा. अहवालाची प्रत मागून घ्या.

५. कोऱ्या कागदावर सही करू नका. व्यापारी म्हणेल, "दादा, घाई आहे, मी मागाहून भरतो." सांगा, "भरा आणि मग सही घ्या."

६. माल देताना लेखी ठरवा : भाव काय, वजन कुठे धरायचं, पैसे किती दिवसांत, आणि परदेशात माल नाकारला तर नुकसान कुणाचं. हा शेवटचा मुद्दा बहुतेकजण बोलतच नाहीत आणि मग हंगामाच्या शेवटी भांडण होतं.

७. पेट्या किती गेल्या, कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीने, याची पोच घ्या आणि वहीत लावा. शक्य असेल तिथे एकट्याने न जाता गावच्या संघामार्फत किंवा उत्पादक कंपनीमार्फत जा. द्राक्षवाल्यांनी १९९१ साली 'महाग्रेप्स' उभी केली ती याचसाठी. दहाजणांचे कागद सांभाळायला एक शिकलेला पोरगा ठेवता येतो, एकट्याला ते परवडत नाही.

या सगळ्याला खर्च नाही असं नाही. वेळ जातो, खेपा पडतात, आणि कधीकधी सगळं बरोबर करूनही दुसऱ्याच्या चुकीने माल अडतो, हे वर सांगितलंच. लहान शेतकऱ्यावर या कागदांचा भार मोठ्यापेक्षा जास्त पडतो हेही खरं. पण जुन्या काळचा कापूस पिकवणारा आठवा. त्याने स्वच्छ कापूस दिला आणि भाव घेतला भेसळीचा, कारण 'हा माझा माल, हा असा होता' असं दाखवायला त्याच्यापाशी काही नव्हतं. आज तुमच्यापाशी वही आहे, क्रमांक आहे, अहवालाची प्रत आहे. उद्या वाद झाला तर बोलायला तुमच्या बाजूने काहीतरी लेखी आहे.

तेव्हा येत्या हंगामापूर्वी एक दोनशे पानी वही आणा, वर गट नंबर घाला आणि पहिल्या फवारणीपासून लिहायला लागा. घरात शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर लिहिण्याचं काम त्यांना सांगा. अक्षर चांगलं येईल आणि शेतात काय चाललंय तेही त्यांना कळेल. शंका असेल तर कृषि विभागाच्या आपल्या भागातल्या अधिकाऱ्याला विचारा, नाहीतर कार्यक्रमाला पत्र लिहा.